सरकलेली ओळ

"ही ओळ सरकलीय," आई म्हणाली.

मी ओट्याशी होते, कुकरच्या शिट्ट्या मोजत. आई माझ्या खुर्चीत बसून, हातातलं भिंग स्क्रीनला जवळजवळ टेकवून आजीच्या वहीची पानं बघत होती. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तिला कागदापेक्षा स्क्रीन बरा वाटतो, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हणून. मी तिथूनच म्हटलं, "अगं, तो पुराचा डाग आहे." थोडा वेळ काहीच उत्तर आलं नाही. मग ती शांतपणे म्हणाली, "पुराची रेघ सगळ्या पानांवर एकाच उंचीला आहे. ही तिच्यापेक्षा चार बोटं वर आहे. आणि पाणी अक्षर फिकं करेल, पुसून टाकेल. ओळ उचलून उजवीकडे नाही ठेवणार."

गॅस बंद करून मी आले. पान १३७. वरचा भाग नेहमीसारखा, जुन्या कागदाचा पिवळट तपकिरी. एका ओळीच्या मधोमध मात्र काहीतरी तुटलं होतं आणि तिथून खाली सगळं पान हिरवट झालं होतं, अक्षरं अर्धा-पाऊण इंच उजवीकडे गेली होती. हे पान मी आधी दोनदा बघितलं होतं. दोन्ही वेळा ओल समजून पुढे गेले होते.

वहीबद्दल थोडं सांगायला हवं. आजीने जात्यावरच्या ओव्या शिसपेन्सिलीने लिहून ठेवलेली २१२ पानांची ही वही १९६१च्या जुलैत नारायण पेठेतल्या वाड्यात, खालच्या फळीवर होती. १२ तारखेला पानशेत फुटलं. पाणी ओसरल्यावर चिखलातून जे काही निघालं त्यात ही वही निघाली. आई तेव्हा तेरा वर्षांची. वही दोरीवर कपड्यांसारखी पानं उलगडून वाळत घातल्याचं तिला आठवतं. शाईने लिहिली असती तर त्याच दिवशी कोरी झाली असती, शिसं राहिलं. प्रत्येक पानावर खालून तीन बोटांवर तपकिरी लाट आहे, एकसारखी, आणि त्या लाटेखालची अक्षरं वरच्यांपेक्षा फिकट आहेत. आता कागद इतका कुरकुरीत झालाय की पान उलटताना कोपरा बोटात राहतो. म्हणून ताईने तिच्या घरी सगळी पानं स्कॅन केली आणि पुढची साफसफाई, अक्षरं उठावदार करणं आणि टाइप करणं माझ्याकडे आलं.

त्यासाठीच मी नवी रॅम घेतली होती, म्हणजे उघडलेलं काम मशीन जिथे तात्पुरतं धरून ठेवतं ती मेमरी. जुनी ८ जीबीची एकच पट्टी होती आणि मोठी स्कॅन केलेली आठ-दहा पानं एकदम उघडली की मशीन धापा टाकायचं. मार्चअखेरीस बुधवार पेठेत गेले. तापकीर गल्लीचा तो वास मला लहानपणापासून आवडतो, सोल्डरिंगच्या रोझिनचा आणि नव्या वायरच्या प्लॅस्टिकचा मिसळलेला. बाहेर रस्त्यावर माळांचे दिवे भर दुपारी लुकलुकत होते. तिथून जवळच, अरुंद जिन्याने वर गेल्यावर असलेल्या एका दुकानात मुलाने दोन पट्ट्या काढून दिल्या, १६ जीबीची एक अशा जुळ्या, डीडीआर४ जातीच्या, ३२००च्या वेगाच्या. "जोडीच घ्या मॅडम, एकाच पाकिटातली. वेगवेगळ्या घेतल्या तर पटत नाही त्यांचं कधीकधी," तो म्हणाला. खरं होतं ते.

बसवायला तसं काही लागत नाही. लादीवर अनवाणी बसले, आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून. प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा खाचा, म्हणजे दोन्ही पट्ट्या आपापल्या वाटेने एकाच वेळी बोलू शकतात. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं की खटका बसल्याचा 'कट्' असा आवाज येतो, आणि त्या क्षणी प्रत्येक वेळी मला वाटतं की काहीतरी मोडलं. बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळा. बोर्डवर रॅमच्या बाजूचा एक बारीक पिवळा दिवा लागून राहिला. मशीन स्वतःच बंद झालं, परत सुरू झालं, परत काळं. नवी रॅम दिसली की बोर्ड आधी तिच्याशी चाचपत जुळवून घेतो, संकेत नेमका कोणत्या क्षणी वाचायचा हे पुन्हापुन्हा करून ठरवतो, हे माहीत असूनही त्या मिनिटभरात जीव वर-खाली होतो. शेवटी चौथ्या खाचातली पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके घासले, फुंकर न मारता कोरड्या फडक्याने पुसले, पुन्हा बसवली. सुरू झालं.

पण २४००वर. पाकिटावर ३२०० लिहिलेलं असलं तरी पट्टी पहिल्यांदा उठते ती सगळ्यांना मान्य असलेल्या सावध वेगाने. बाकीचा वेग पट्टीवरच्या एका छोट्या चिपमध्ये लिहून ठेवलेला असतो आणि तो बायॉसमध्ये, म्हणजे मशीन उठताना विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन आपण मागावा लागतो. मी मागितला. एक्सएमपी नावाच्या त्या नोंदीतलं पहिलं प्रोफाइल: ३२००, मग १६-१८-१८-३८ हे आकडे, आणि व्होल्टेज १.२ वरून १.३५. त्या चार आकड्यांची मला नेहमी भूल पडते. पहिल्या १६चा अर्थ, रॅममधल्या घरांची एक ओळ उघडी असताना तिच्यातलं एखादं घर मागितल्यावर उत्तर यायला सोळा ठोके लागतात. ३२०० म्हणजे सेकंदाला ३२० कोटी वेळा देवाणघेवाण, पण एका ठोक्यात ती दोनदा होते, म्हणून खरा ठोका त्याच्या निम्म्याने. हिशेब केला तर सोळा ठोके म्हणजे दहा नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश तीन मीटर जातो, आमच्या बाहेरच्या खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. एवढ्या अवधीत आजीच्या वहीतला एक ठिपका शोधून आणायचा, आणि तो तोच असला पाहिजे.

सेव्ह केलं. विंडोज उघडलं, ३२ जीबी दिसली, वीस पानं एकदम उघडली आणि काहीही अडलं नाही. मी त्याला पास केलं.

तपासलं नाही. हे मला लागलं. मी मुद्रितशोधकाची मुलगी आहे.

आई तेवीस वर्षं नारायण पेठेतल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायची. शिशाचे अक्षर-खिळे जुळवून छापायचा काळ. तिच्या पदराला शाईचा आणि खिळे धुवायच्या रॉकेलचा वास असायचा. काम संपायचं नाही, म्हणून प्रुफं घरी यायची आणि संध्याकाळी तिच्याच छापखान्यातल्या एक मावशी यायच्या. मावशी मूळ प्रत मोठ्याने वाचायच्या आणि आई ओल्या पातळ कागदावरच्या प्रुफावर पेन्सिल फिरवत ऐकायची. वाचायच्या म्हणजे सगळंच: "स्वल्प", "पूर्ण", "अवतरण उघडं", "अवतरण बंद", "नवा परिच्छेद". त्या आवाजात मी कितीतरी रात्री झोपले आहे. कधीकधी मावशी यायच्या नाहीत, तेव्हा आई एकटीच प्रूफ शेवटून सुरुवातीकडे वाचायची, एकेक शब्द उलट क्रमाने. मी विचारलं होतं असं का, तर म्हणाली, "अर्थ लागायला लागला की डोळा घसरतो. जे असायला हवं तेच दिसतं." आणि दुसरं एक म्हणायची, ते मला तेव्हा कळलं नव्हतं: "दुसरं प्रूफ पहिल्यातल्या चुकांसाठी नसतं. पहिल्यातल्या चुका दुरुस्त करताना ज्या नव्या घातल्या, त्यांच्यासाठी असतं." एक खिळा बदलायला कंपोझिटर ओळ सैल करायचा आणि शेजारचं अक्षर उलटं पडायचं.

पान १३७ बघितलं त्याच रात्री मी पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासायचा प्रोग्राम टाकला. विंडोज नाही, काही नाही, मशीन थेट त्यातच उठतं. निळा पडदा, पांढरे आकडे. ज्या मूळ मेमटेस्ट८६वरून हे निघालं, ते १९९४ साली ख्रिस ब्रॅडी यांनी लिहिलं होतं. इतक्या वर्षांत रॅम मेगाबाइटांवरून कुठे गेली, पण तपासायची मूळ रीत बदलावी लागलेली नाही, कारण ती आईचीच रीत आहे. सगळ्या घरांत एक नक्षी लिहायची. मग खालून वर जात एकेक घर वाचायचं. लिहिलं तेच मिळालं तर तिथेच त्याच्या बरोबर उलट लिहायचं, शून्याच्या जागी एक, एकाच्या जागी शून्य. मग वरून खाली येत पुन्हा तेच. नक्षीला काही अर्थ नसतो, आणि म्हणूनच ती उपयोगाची. एका चाचणीत तर सगळं लिहून काही मिनिटं नुसतं थांबायचं असतं आणि मग बघायचं, लिहिलेलं राहिलंय का.

राहतं, हेच मला त्या रात्री नवल वाटायला लागलं. रॅममधलं एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, हे वीज साठवणारा एक इवलासा कपॅसिटर आणि त्याच्या दाराशी उघडझाप करणारा एक ट्रान्झिस्टर. आयबीएममध्ये रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली हे सुचलं, १९६८ साली पेटंट मिळालं, आणि आजच्या रॅमचं घर मुळात तेच आहे. कपॅसिटरमधला भार गळत असतो, सतत. म्हणून प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून तीच पुन्हा लिहावी लागते, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, मशीन चालू असेपर्यंत न थांबता. ३२ जीबी म्हणजे अशी सुमारे साडेसत्तावीस हजार कोटी घरं. आजीची पेन्सिल एकदा टेकली ती पुरातून बाहेर आली. आणि इथे तिच्याच अक्षराचं चित्र दर क्षणी विसरायच्या बेतात असतं आणि दर क्षणी त्याला परत आठवण करून दिली जाते.

पहिली फेरी साधारण दोन तासांनी संपली. एकही चूक नाही. दुसरी सुरू झाली आणि वळीव आला. आधी धुळीचा वास, मग खिडक्यांचा धाडकन आवाज, मग लाइट गेले. पडदा काळा झाला आणि दोन तासांचा निकाल त्याच्याबरोबर गेला. अंधारात आई आतून म्हणाली, "काय झालं तुझ्या प्रुफाचं?" मी सांगितलं, पहिल्यापासून. ती "हं" म्हणाली, तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्यांचा यूपीएस मागून आणला. रात्री पावणेतीन वाजता, दुसऱ्या फेरीत, निळ्यावर एक लाल ओळ उमटली. डावीकडे जे लिहिलं होतं ते, उजवीकडे जे वाचलं ते. डावीकडे आठच्या आठ एफ, म्हणजे सगळी बिटं एक. उजवीकडेही एफ, फक्त सहाव्या जागी बी. दोन्हींत फरक एका बिटाचा. पहाटेपर्यंत तशा आणखी चार ओळी आल्या. मी त्या पडद्याकडे बघत बसले आणि विचित्र सांगायचं तर मला हायसं वाटलं. चूक दिसली होती. जी चूक कधीतरीच होते, हवी तेव्हा होत नाही, तिच्या मागे लागण्यासारखा थकवा दुसरा नाही.

मग एकेक पट्टी वेगळी करून बसवली. पहिली, रात्रभर, चार फेऱ्या: शून्य. दुसरी, त्याच खाचात, चार फेऱ्या: शून्य. दोघी एकत्र, ३२००वर: लाल. म्हणजे पट्ट्या वाईट नव्हत्या. प्रोसेसरच्या कागदपत्रात बघितलं तर त्याने २९३३ पर्यंतच्या वेगाची हमी दिली होती. ३२०० ही फक्त पट्टीची हमी होती. प्रोसेसर तिथपर्यंत पोचला तर चांगलंच, पण तसं वचन त्याने दिलेलं नव्हतं. एका पट्टीचा भार त्याला झेपत होता, भरलेल्या दोघींचा त्या वेगाने झेपत नव्हता, आणि तेही एप्रिलच्या उकाड्यात, ज्या खोलीत रात्री तीनलाही पंख्याखाली घाम येत होता. व्होल्टेज आणखी थोडं वाढवून बघता आलं असतं. पुष्कळजण तसंच करतात आणि त्यांना जमतंही. मला या वहीसाठी ते करावंसं वाटलं नाही. बायॉसमध्ये ३२०० खोडून २९३३ लिहिलं, बाकीचे आकडे तेच ठेवले. दोन रात्री, आठ फेऱ्या. निळा पडदा निळाच राहिला.

खरी अडचण तिथून पुढे सुरू झाली. तीन आठवडे मी जे जे या मशीनवर केलं होतं, ते सगळं त्या रॅममधून गेलं होतं. ताईकडून आलेली पानं कॉपी करताना आधी रॅममध्ये येतात, मग डिस्कवर जातात. डिस्कला काय, जे दिलं ते ती जपून ठेवते, चूकही तेवढ्याच निष्ठेने. ताईला तिच्या लॅपटॉपवर प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या बिटांवरून निघणारा, एक बिट बदललं तरी बदलणारा आकडा, काढायला सांगितला, इकडे मी काढला, आणि दोन याद्या शेजारी ठेवल्या. २१२ पैकी दोन जुळले नाहीत. एक १३७. तिथे चित्र लहान करून साठवणाऱ्या जेपीइजी फाइलच्या दाबून बसवलेल्या ओघात एक बिट पलटलं होतं आणि पुढचा सगळा हिशेब घसरला होता, म्हणून अर्धं पान हिरवं होऊन सरकलं. दुसरं पान ५८. ताईची प्रत आणि माझी प्रत शेजारी ठेवून, मोठी करून, आईचं भिंग लावून मी बघितली. मला आजही फरक दिसत नाही. हॅश सांगतो की आहे.

२००३ साली बेल्जियममध्ये स्कारबेक इथे इलेक्ट्रॉनिक मतदानात एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्तीची पडली होती. ४०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, नेमकं एक बिट. अवकाशातून आलेल्या किरणाने ते पलटलं असावं असा अंदाज निघाला. ती चूक पकडली गेली, कारण तेवढी मतं तिथे पडणंच शक्य नव्हतं. आकडा शक्यतेत बसला असता तर तो तसाच जाहीर झाला असता. पान १३७ हिरवं झालं म्हणून सापडलं. पान ५८ समजूतदारपणे बदललं, म्हणून डोळ्याला कधीच सापडणार नव्हतं.

आणि टाइप केलेल्या ओव्या? त्यांना ताईकडे जुळी प्रत नव्हती. त्या मीच, या मशीनवर, त्या तीन आठवड्यांत टाइप केल्या होत्या, नव्वद पानं. त्या रात्री मी युनिकोडचा, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांचा, तक्ता काढून बसले आणि जे दिसलं त्याने पोटात कालवलं. 'ल'चा क्रमांक ०९३२, 'ळ'चा ०९३३. एका बिटाचं अंतर. 'त' आणि 'थ' एका बिटावर. 'द' आणि 'ध', 'प' आणि 'फ', 'ब' आणि 'भ' तसेच. काना आणि पहिली वेलांटी, तेही शेजारी, एका बिटावर. एक बिट पलटलं तर 'हात'चं 'हित' होतं, 'दान'चं 'दिन', 'काल'चा 'काळ', 'मूल'चं 'मूळ'. यातलं काहीही हिरवं होत नाही, सरकत नाही. वाचणारा अर्थ लावतो आणि पुढे जातो. आईला सांगितलं तर तिला आश्चर्य वाटलं नाही. "ल-ळ तर खिळ्यांच्या पेटीतही चुकायचे," ती म्हणाली. "वापरलेला खिळा परत टाकताना चुकीच्या खणात पडायचा. मग पुढचा हात खण बघून उचलणार, खिळा नाही." थोडं थांबून म्हणाली, "वाचू आपण. एकीने वहीतून, एकीने कागदावरून."

तेव्हापासून रोज संध्याकाळी बसतो. मी टाइप केलेल्या ओव्या मोठ्या अक्षरात छापून तिच्या हातात दिल्या आहेत आणि वही माझ्यासमोर, बटर पेपरवर. मूळ प्रत वाचायचं मावशींचं काम माझ्याकडे आलंय. पुराच्या रेघेखाली आले की आवाज आपोआप हळू होतो, कारण अक्षर शोधावं लागतं. आई पेन्सिलीचं टोक कागदावर फिरवत ऐकते. माझ्या बोटांच्या चुका निघतात, पुष्कळ. रॅमची म्हणावी अशी अजून एकही नक्की सापडलेली नाही. सापडली तरी ती बोटाची की बिटाची, हे कागद सांगणार नाही.

परवा एका ओवीवर थांबलो. वहीत आजीने 'वेल' लिहिलंय. दारातल्या मांडवावरचा वेल, अर्थ लागतो. आई म्हणाली, "इथे 'वेळ' आहे." छापलेल्या कागदावर 'वेळ' होतं. मी वही तिच्या भिंगाखाली धरली. पेन्सिलीचा 'ल', अगदी स्वच्छ, रेघेच्या बराच वर, पाण्याचा संबंध नाही. तिने बराच वेळ बघितलं. मग डोळे मिटून ती ओवी तिने म्हटली, जात्याच्या लयीत, आजी म्हणायची तशी, आणि तिच्या तोंडून 'वेळ'च आलं. मांडवाखाली आलेली वेळ. तोही अर्थ लागतो. मी ते तिच्याकडून ऐकत टाइप केलं होतं का, माझं बोट चुकलं होतं, की रॅमने केलं होतं, मला आठवत नाही. आजी लिहिताना चुकली असेल. आई साठ वर्षं चुकीचं म्हणत आली असेल.

छापखान्यात असं काही आलं की प्रूफ वाचणारा स्वतः दुरुस्त करत नसे. समासात प्रश्नचिन्ह काढायचा, म्हणजे लेखकाला विचारा. आईने पेन्सिल उचलली, 'वेळ'च्या समोर, समासात, एक लहान प्रश्नचिन्ह काढलं, त्याभोवती नीट गोल केला.

"पुढे वाच," ती म्हणाली.